काका, शिडी सोडा

अगं, चहा राहू दे, आधी बस. बस म्हणते ना! आणि मधे एक अक्षर बोलू नकोस, नुसतं ऐक, कारण मी एकदा थांबले ना, तर पुढचं माझ्या तोंडून निघायचं नाही. मी अजून घरी गेलेली नाहीये. ऑफिसातून निघाले ती सरळ तुझ्याकडे आले. दादा आज शिकून परत आलाय, म्हणून. काय शिकून, कुठून शिकून, सगळं सांगते, धीर धर.

काकांचं काम तुला माहितीये. पाटीवर नाव मोठं आणि ऑफिस कपाटाएवढं. काका मालक, दादा त्यांचा उजवा हात, मग मोठे मिस्त्री, त्यांच्या हाताखाली चार-पाच माणसं, आणि फोन उचलायला, सिमेंट मागवायला, सगळ्यांच्या वाट्याच्या शिव्या खायला मी. बाबा गेले तेव्हापासून मी काकांच्याच घरात वाढले. दादा माझा सख्खा नाही, चुलत आहे, असं शाळेत एका मुलीने मला सांगितलं तेव्हा मी तिला चावले होते. खरंच चावले होते. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागेल.

तर तो बांधकामाचा सेस असतो ना, सरकारी कर. आधी तो फक्त मोठ्या कंपन्यांना होता. आमच्यासारख्या चिल्लर लोकांना कुणी विचारायचं नाही. यंदा नियम बदलला, सगळ्यांनी भरायचा. काका पेपर आपटून म्हणाले, "घ्या! आता उंदराच्या बिळालाही घरपट्टी!" पण त्यात पुढे एक मेख होती. सेस भरणाऱ्याला प्रशिक्षण फुकट. आणि नुसतं फुकट नाही, ते घ्यायलाच पाहिजे, नाहीतर परवाना पुढे सरकणार नाही. खड्ड्यातलं काम, उंचीवरचं काम, विजेचं काम, सगळ्याचे वेगवेगळे वर्ग. छोट्या धंद्यांना सवलत एवढीच, की सगळ्यांनी नका येऊ, एकाने या, शिका, आणि परत जाऊन बाकीच्यांना शिकवा.

आता पाठवायचं कुणाला? मोठे मिस्त्री म्हणाले, "मी वर्गात जाऊन बसलो तर भिंत काय तुमचा सेस बांधणार?" दादा म्हणाला, "मी हललो की साइट झोपते." मग सगळ्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं. जिच्यावाचून काही म्हणता काही अडत नाही अशी आमच्यात एकटी मीच. झालं! जिने कधी फावड्याला हात लावला नाही ती डोक्यावर हेल्मेट चढवून सगळ्या वर्गांना. तेव्हापासून मिस्त्री मला मास्तरीणबाई म्हणायला लागले.

खड्ड्याच्या वर्गाला एक बाई होती शिकवायला. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही तिला शिट्टीबाईच म्हणायचो. तिने मैदानात खरोखरचा खड्डा खणून ठेवलेला. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि काठापासून मागे सरकायचं. आणि एकच गोष्ट ती परत परत घोकून घ्यायची. म्हणायची, "माती पडते तेव्हा एक जण अडकतो. बाकीचे जे मरतात ना, ते नंतर उडी मारणारे असतात. भाऊ, मुलगा, जिवाभावाचा दोस्त. परका माणूस उडी मारत नाही, म्हणून परका वाचतो." मागे कुणीतरी हसलं. ती नाही हसली. मग ती एकेकाला उभं करून विचारायची, "तुझा माणूस खाली आहे, तू काठावर आहेस, काय करशील?"

उत्तर एकच. मशीन बंद, माणसं मागे, फोन करा, आणि भिंतींना आधार दिल्याशिवाय आत कुणी नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. मी धडाधड म्हणून दाखवलं. मला शाबासकी मिळाली, माहितीये? अगं, वर्गात काय जातंय उत्तर द्यायला!

परत आले आणि दुपारच्या सुट्टीत साइटवरच सगळ्यांना शिकवायला बसले, कारण पुढचं काम नेमकं खड्ड्याचंच होतं. एका दुकानाच्या मागे, दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या बोळात सांडपाण्याची लाइन टाकायची होती. चर खोल जाणार होता, आत उभं राहिलं तर डोक्याच्या वर माती येईल एवढा.

मी एक घमेलं घेतलं, त्यात ओली वाळू दाबून भरली आणि थापीने मधोमध चर कापला. मस्त उभा राहिला. काका डबा खात होते. त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटून खिशात पडलेलं, ते त्यांनी काढलं आणि चरात ठेवलं. म्हणाले, "हे घे, हा मी."

मी मिस्त्रींना म्हटलं, "आता घमेल्याला एक टिचकी मारा." त्यांनी मारली. फस्सकन वाळू आत! बटण गायब.

"मालक गेले हो!" मिस्त्री ओरडले. "आता पगार कुणाकडे मागायचा?"

"मास्तरीणबाईंकडे," काका म्हणाले, "पण ती देणार नाही. माझ्यावर गेलीये."

सगळे खो खो हसले. मीही हसले. 

मग मी वाळू परत दाबली, दुसरा चर कापला, फरशीचे दोन तुकडे घेतले आणि चराच्या दोन्ही बाजूंना एकेक लावला. मधे पेन्सिलीचे तुकडे आडवे अडकवले. म्हटलं, "या झाल्या फळ्या आणि हे झाले टेके. आता मारा टिचकी." मिस्त्रींनी टिचकी मारली. मग बुक्की मारली. वाळू ढिम्म. टाळ्या वाजवल्या गं सगळ्यांनी! काकांनी घमेलं उचलून डोळ्यांसमोर धरलं, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "सेस वसूल."

आता हे नीट ऐक. सगळं इथेच आहे. शिट्टीबाईने शिकवलं होतं की फळ्या वरून सोडायच्या, काठावर राहून. टेके घट्ट बसेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. आणि मी घमेल्यात काय केलं? वरूनच लावल्या. पण घमेल्यात हात वरूनच येणार ना गं! दुसरा येणार कुठून? मला वाटलं, मी दाखवलं. बघणाऱ्याला काय दिसलं? एक हात आत गेला, त्याने फळी धरून ठेवली, आणि दुसऱ्याने टेकू अडकवला. म्हणजे कुणीतरी आत पाहिजे धरायला, असंच नाही का वाटणार? मी तोंडाने म्हटलं का, की आत उतरायचं नाही? मला वाटतं, म्हटलं. अगदी पक्कं वाटतं. पण डोळे मिटले की ते घमेलं दिसतं, माझा हात दिसतो, आणि आवाज काही ऐकू येत नाही.

मग ते काम सुरू झालं. त्या दिवशी साइटवर पाइप उतरणार होते म्हणून मी गेलेली, दादा आणि मिस्त्री होतेच. मशीनवाल्याने चर खणून ठेवला होता आणि मशीन बोळाच्या तोंडाशी घुरघुरत उभं होतं. काढलेली माती चराच्या काठालाच. मी म्हटलं, "काका, माती लांब टाकायची असते." तर म्हणाले, "माहितीये गं. पण या बोळात टाकू कुठे, तुझ्या डोक्यावर? फळ्या आणल्यात ना तुझ्या." आणि खरंच, नव्याकोऱ्या फळ्या. टेके कापून तयार. एवढ्या वर्षांत काकांनी पहिल्यांदा आणले होते, माझं ऐकून. मला इतकं भारी वाटलं, काय सांगू.

आणि काकांचा तो नियम. ज्या खड्ड्यात मी आधी उभा राहिलो नाही, त्यात माझा माणूस उतरणार नाही. त्यांची माणसं यावरच तर जीव टाकतात त्यांच्यावर. तर काका शिडी लावून स्वतः खाली उतरले. दादाने वरून फळी दिली. त्यांनी ती खालून धरली, मातीला टेकवली, मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसले.

"घमेल्यातल्यासारखं, ना गं?"

माझं तोंड उघडलं होतं. शप्पथ. 'काका, वर या' म्हणायला उघडलं होतं. 'का' बाहेरही पडला.

तुला वाटेल धाडकन मोठा आवाज झाला असेल. नाही. पोतं फाटावं तसा, फस्स. घमेल्यात आला होता तोच आवाज, फक्त मोठा. धूळ उठली, आणि धूळ बसली तेव्हा काका छातीपर्यंत मातीत. फळी तिरकी होऊन त्यांच्या पाठीशी. एक हात मातीच्या आत आणि दुसरा वर. शिडी जरा अलीकडे होती, तिच्या पायाशी माती फारशी आली नव्हती. आणि त्या वरच्या हाताने काकांनी शिडीची खालची पायरी धरलेली. बुडणारा माणूस धरतो तशी.

दादा ओरडला, "बाबा!"

आणि माझ्या डोक्यात शिट्टी वाजली. मी किंचाळले, "मशीन बंद कर! बंद!" मशीनवाला नुसता बघतच राहिला, मी एक दगड भिरकावला त्याच्या दिशेने तेव्हा त्याने चावी फिरवली. घुरघुर थांबली. पाइप घेऊन आलेल्या माणसाला म्हटलं, "फायर ब्रिगेडला फोन लाव, पत्ता दुकानाच्या पाटीवरून वाच." सगळं आठवत होतं गं, सगळं. 

आणि तेव्हा मला ती भेग दिसली. जी बाजू पडली होती तिच्या समोरची बाजू, दादा उभा होता ती. काठापासून थोडी आत, काठाला धरून सरळ चाललेली, केसाएवढी भेग. शिट्टीबाई म्हणायची, भेग दिसली की समज, मातीने सामान बांधायला घेतलंय.

दादा शिडीकडे धावला. मी त्याचा शर्ट मागून धरला. म्हटलं, "दादा, उतरू नकोस!" त्याने मला असं ढकललं की मी मातीच्या ढिगावर जाऊन आदळले. एक पाय त्याने शिडीवर टाकला, मग त्याला कळलं की हात रिकामे आहेत, काकांना उकरणार कशाने? तो फावडं आणायला वळला. फावडं बोळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं, चार पावलांवर.

तेवढाच काय तो वेळ. मी उठले आणि शिडी धरली. ओढली. येईना. काकांनी धरलेली ना.

मी काठावर पालथी पडले, तोंड खाली केलं. काकांचा चेहरा एवढा जवळ होता. पापण्यांवर माती. मी म्हटलं, "काका, शिडी सोडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काका, सोडा. दादा उतरेल. सोडा ना!"

अगं, ती काय नजर होती मला सांगता येणार नाही. मी लहान असताना त्यांचं बोट धरून रस्ता ओलांडायचे ना, तर मधेच बोट सोडून पळायचे, तेव्हा ते असे बघायचे. आणि मग त्यांची बोटं उघडली. एकेक करून. कळून उघडली की ताकद संपली म्हणून, देव जाणे.

मी ओढली. वरचं टोक मिस्त्रींनी धरलं आणि आम्ही दोघांनी ती शिडी बाहेर काढून मागे बोळात टाकून दिली. फरशीवर खडखडाट झाला. दादा फावडं घेऊन वळला.

"शिडी?"

"नाही, दादा."

"शिडी कुठंय?"

"आधी फळ्या. वरून. मग..."

"माझा बाप आहे तो खाली!"

"मग माझे कोण आहेत?"

तो माझ्याकडे असा बघत होता जसं काही मीच माती लोटली. उडी मारायला तो काठाकडे सरकला, आणि मी काय बोलले माहितीये? म्हटलं, "तू उडी मारलीस की माती हलणार, आणि हललेली माती आधी त्यांच्या छातीवर जाणार. तुला मरायचं तर मर, त्यांना मारू नकोस!" असं मी दादाला म्हटलं. दादाला! मिस्त्रींनी तोवर त्याला मागून मिठी मारली होती. मिस्त्री केवढेसे, हडकुळे, पण कसे चिकटले देव जाणे. म्हणत होते, "बाळा, ऐक तिचं. नंतर मला हाण, पण आता ऐक."

मग आम्ही घमेल्यातलं केलं. या वेळी खरं. काठावर फळ्या आडव्या टाकून त्यावर पालथे पडलो, दुसऱ्या फळ्या दोरीने खाली सोडल्या, भेगेच्या बाजूला उभ्या केल्या, आणि टेके पहारीने वरून ठोकत बसलो. दादाही ठोकत होता. रडत होता, मला शिव्या देत होता आणि ठोकत होता.

आणि काकांचा श्वास. ते श्वास सोडायचे ना, की छातीभोवतीची माती अलगद खाली बसायची. पुढचा श्वास घ्यायला जागा तेवढी कमी. मला वरून दिसत होतं. मी म्हणत होते, "काका, बोलू नका, हळूहळू घ्या, हळूहळू." दुसरं काहीच करत नव्हते मी. त्यांच्याशी बोलत होते आणि माती बघत होते.

तेवढ्यात फोन वाजला. जमिनीतून. अगं, काकांचा फोन त्यांच्या पँटच्या खिशात होता, मातीच्या आत, आणि तो वाजायला लागला. दबलेला आवाज, लांबून कुठूनतरी यावा तसा. पहार थांबली.  वाजून वाजून तो बंद झाला. मग दादाच्या खिशात वाजला. दादाने उचलला नाही. मग माझा.

काकू. "अगं, तुझे काका फोन का उचलत नाहीयेत?"

मी म्हटलं, "काकू, ते खाली आहेत."

"खाली म्हणजे?"

"खड्ड्यात उतरलेत."

"या माणसाला ना, स्वतः उतरल्याशिवाय चैन नाही. बरं, वर आले की फोन करायला सांग."

मी म्हटलं, "हो." आणि फोन ठेवला. खाली काका हसले. म्हणजे मला तसं वाटलं. ओठ हलले. माती अजून थोडी बसली.

फायर ब्रिगेडवाले आले, त्यांनी आम्हाला मागे घेतलं, माती अडवायची त्यांची चौकट खाली सोडली आणि मग आत उतरून हातांनी, डब्यांनी माती काढली. त्यांच्या साहेबाने विचारलं, "शिडी कुणी काढली?" मी म्हटलं, "मी." मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. चांगलं, वाईट, काहीतरी. तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला. बस. 'बरं'चा अर्थ काय लावायचा मी?

काका बाहेर निघाले. जिवंत. हो, जिवंत आहेत, घाबरू नकोस, दवाखान्यात आहेत, काल उसाच्या रसासाठी नर्सशी भांडले. पण उजव्या पायात जाणीव नाहीये. डॉक्टर म्हणाले, मातीच्या दाबाखाली पाय जितका जास्त वेळ, तितकं वाईट. थोडं आधी काढलं असतं तर कदाचित पाय बरा असता. आणि मग म्हणाले, कदाचित नसताही. दादाला पहिलं 'कदाचित' ऐकू आलं. मला दोन्ही.

दुसऱ्या दिवशी दादाने माझं मनगट धरलं आणि मला बोळात घेऊन गेला. चराभोवती पट्टी बांधलेली. त्याने बोट दाखवलं. "बघ. कुठे पडली?"

फायर ब्रिगेडने आपली चौकट काढून नेली होती, आमच्या फळ्याही वर काढलेल्या. उघडी भिंत. भेग होती तिथेच, तश्शीच. भिंत उभी.

"पडली नाही," तो म्हणाला. "मी उतरलो असतो, त्यांना काढलं असतं, वर आलो असतो. ही पडलीच नसती. पुस्तकात वाचून तू माझ्या बापाच्या हातातून शिडी काढलीस."

मी म्हटलं, "दादा, फळ्या लावल्या म्हणून..."

"फळ्या तर काढल्यात ना आता?"

याला काय उत्तर द्यायचं? तुझ्याकडे आहे?

त्यानंतर मी रोज तिथे जायचे. ऑफिसला जाताना वाट वाकडी करून. पट्टीच्या अलीकडे उभी राहायचे आणि त्या भिंतीकडे बघायचे. सांगायला लाज वाटते, पण मी तिला मनातल्या मनात म्हणायचे, पड ना गं बाई. एकदाच पड. आत कुणी नाहीये, कुणाला लागणार नाही, फक्त मला दिसू दे. ट्रक गेला की मला वाटायचं, आता. ती ढिम्म. इतकं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं मी कधी, जितकं त्या मातीचं चिंतलं.

आणि मग काकांनी पलंगावरून सांगितलं, तो चर बुजवा, रीतसर पुन्हा खणू. मशीनवाला आला, त्याने ढिगातली माती परत लोटली. मी बघत होते. भिंत शेवटपर्यंत उभी होती, आणि मग तिच्या समोर माती भरत गेली आणि ती दिसेनाशी झाली. संपलं. आता कुणाला कधीच कळणार नाही ती पडली असती की नाही.

मी काकांना विचारलं. काकू बाहेर गेलेली, दादा औषधं आणायला. विचारलं, "काका, तुम्ही शिडी का सोडलीत?"

ते म्हणाले, "तू म्हणालीस, सोडा. सोडली."

"पण का?"

"मास्तरीण तू आहेस." आणि डोळे मिटून घेतले. थट्टा होती का गं ती? त्यांच्या बोलण्यात थट्टा कुठे संपते ते मला कधीच कळलेलं नाही. आणि घमेल्याचं विचारायला माझी जीभच वळली नाही. 'मी म्हटलं होतं ना, आत उतरू नका?' एवढंच विचारायचं होतं. ते 'नाही' म्हणाले असते तर मी कुठे जाऊ? 'हो' म्हणाले असते तर ते खरं बोलतायत की मला वाचवतायत, हे कसं कळणार?

पण एक केलं त्यांनी. सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं, पलंगाभोवती उभं केलं आणि सांगितलं, "यापुढे ऐकीव शिक्षण बंद. सेस आपण सगळ्यांचा भरतो, प्रत्येकाने स्वतः जाऊन शिकायचं. काम थांबलं तरी चालेल. आधी मिस्त्री आणि हा." हा म्हणजे दादा.  माझ्याशी तो त्या बोळातल्या दिवसापासून बोललेलाच नाही. जेवायला बसतो, मी वाढते, तो ताटाकडे बघतो.

आज त्यांचा शेवटचा दिवस होता वर्गाचा. संध्याकाळी मिस्त्री ऑफिसात आले. नेहमी आले की 'काय मास्तरीणबाई' म्हणतात, आज नाही म्हणाले. टेकून उभे राहिले.

म्हणाले, "बाईंनी आज एकेकाला उभं केलं. तुझा माणूस खाली, तू काठावर, काय करशील?"

मी विचारलं, "दादाला पण?"

"त्याला पण."

"मग? काय म्हणाला?"

"काहीच नाही बोलला.  मग बाईंनाच उलट विचारलं, आणि खाली बाप असेल तर? बाई म्हणाल्या, तेव्हासाठीच तर विचारतेय."

"मग?"

"मग खाली बसला तो. वर्ग संपला तरी बसूनच होता. त्या खड्ड्यात शिडी लावलेली होती, तिच्याकडे बघत. निघताना मला एवढंच म्हणाला, तिला सांगा, आज घरी थांब. मला बोलायचंय तिच्याशी."

घरी थांब, मला बोलायचंय. काय बोलायचं असेल गं त्याला? मी पर्स उचलली आणि घराच्या उलट्या दिशेने चालत सुटले ती इथे. खड्ड्याच्या काठावर नव्हते गं मी इतकी घाबरले! तिथे निदान काय करायचं ते माहीत होतं.

हा बघ. हा बघ, वाजला. दादाच आहे. उचलू? नको, थांब. वाजू दे. आधी तू सांग, आणि खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. काठावर तू असतीस, खाली तुझा माणूस, आणि शिडीवर त्याचा हात. तू काय केलं असतंस?